अनुभव धागा: दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या, तेव्हा तुम्ही काय केलंत?

ऑफिसात नुकतंच एक ट्रेनिंग झालं. शब्दांनी भरलेला कागद, त्यातून आपापली पाच मूल्यं निवडायची. बहुतेकांनी प्रामाणिकपणा, कुटुंब, मेहनत यांवर खुणा केल्या आणि जेवायला पळालो.

कागदावर सगळी मूल्यं गुण्यागोविंदाने नांदतात. त्यांच्यात जुंपली की मगच कळतं आपण कोणाच्या बाजूचे. तर अशा वेळी कोणाची बाजू घेतलीत, का, आणि किती महागात पडलं ते लिहा. सापडलेलं पाकीट परत केलं छापाचे किस्से नकोत, तिथे काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. नावंगावं टाळा.

गावचा डॉक्टर

माझा किस्सा पाकिटाचाच आहे, पण थांबा. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. पहिल्याच दिवाळीत एका स्कॅन सेंटरचा माणूस काजूकतलीचा बॉक्स घेऊन आला. बॉक्सखाली पाकीट. पाकिटावर पेन्सिलीने मी पाठवलेल्या पेशंटांची आद्याक्षरं आणि प्रत्येकापुढे आकडा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत असं कमिशन घ्यायला मनाई आहे आणि द्यायलाही. 2017 मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदासुद्धा झाला होता. पण मला तेव्हा नियम आठवला नाही. त्या अक्षरांतल्या एका बाईने सीटीसाठी गळ्यातलं गहाण टाकलं होतं, ते आठवलं.

मी म्हटलं, हे पैसे पेशंटच्या बिलातूनच कमी करा. त्यांनी केले! माझी चिठ्ठी असली की बिल कमी. झालं, इतर डॉक्टरांचे पेशंट विचारायला लागले, आमचंच बिल जास्त का? मग एक ज्येष्ठ डॉक्टर घरी आले. मला गावात बस्तान बसवून देणारे, रात्री-अपरात्री माझे पेशंट बघणारे. म्हणाले, "तू घेऊ नकोस रे, पण आम्हाला उघडं का पाडतोस?"

त्यांचे उपकार एकीकडे, पेशंटचा खिसा दुसरीकडे. मी खिशाच्या बाजूने गेलो. तेव्हापासून ते माझा फोन घेत नाहीत. रात्री अवघड केस आली की जिल्ह्याला पाठवावी लागते, आणि गाडीभाडं पेशंटच भरतो. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

मधली सून

सासूबाईंना कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आम्हालाच बाहेर बोलावून सांगितलं, नणंदेने सगळ्यांकडून वचन घेतलं की त्यांना कळू द्यायचं नाही. एका दुपारी त्यांनी मला सरळ विचारलं. मी सांगितलं. शब्द मोडला, मान्य. पण आजार त्यांचा होता. दुसऱ्याच दिवशी त्या रिक्षा करून बँकेत गेल्या आणि एफडीचा नॉमिनी बदलून आल्या. ते मीच घडवून आणलं असं नणंद आजही चारचौघांत म्हणते.

एडिसन, न्यू जर्सी

इथे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की फार तर 60 दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. रूममेटचे दिवस भरत आले होते. म्हणाला, फोनवरचा इंटरव्ह्यू माझ्या नावाने तू दे. सुरुवातीला मी बेकार असताना वर्षभर भाड्यातला माझा वाटा यानेच भरला होता. नाही म्हणालो. त्याऐवजी रात्रभर बसून तयारी करून घेतली. नोकरी मिळाली नाही, तो नाशिकला परतला. बोलतो छान, पण भारतात गेलो की घरी ये म्हणत नाही.

पेडण्याची

आमच्या भाटात, म्हणजे नारळाच्या बागायतीत, एक मुंडकार कुटुंब पिढ्यानपिढ्या राहतं. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा. गोव्यात 1975 च्या मुंडकार कायद्याने राहतं घर आणि भोवतालची ठरावीक जागा विकत घ्यायचा हक्क त्यांना आहे. पण त्यांची नोंद कधी झालीच नव्हती. पप्पा गेले आणि जमिनींचे भाव चढले, तेव्हा त्यांनी मामलेदाराकडे अर्ज टाकला. भावांनी म्हणायचं ठरवलं की ते भाडेकरू होते, म्हणजे मुंडकाराचा हक्कच उरत नाही. भाड्याची एक पावती नाही, तरी म्हणायचं! मलाही तेच सांगायला लावत होते.

मला आठवत होतं ते असं: चवथीच्या आदल्या दिवशी त्यांचा म्हातारा माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सामान घेऊन यायचा आणि मागच्या पडवीत बसायचा. पप्पा त्याला म्हणायचे, घर तुझंच, कागदाचं मागीर बघू. ते मागीर कधी आलंच नाही. भावांनी माझ्या लग्नासाठी कर्ज काढलेलं, हेही तितकंच खरं. मी मामलेदारापुढे ऐकलेलं तसं सांगितलं. अलीकडे चवथीला माहेरी जात नाही.

वाटसरू

सगळं ठीक, पण ही मूल्यांची चैन पोट भरलेल्यांची. भाटवाले, डॉक्टर, अमेरिका. हातावर पोट असलेल्याला कसली आलीय निवड?

निवृत्त वाहक

गेल्या वर्षीच एसटीतून निवृत्त झालो. पगार वेळेवर न होण्याचे दिवसही काढलेत, म्हणून लिहितो.

ऑगस्ट 2022 पासून 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, त्याखाली 65 पर्यंत अर्धं तिकीट. एकदा आमच्याच गावचे तात्या चढले. आधारवर जन्मतारीख 1 जून. त्या पिढीतलं अर्धं गाव 1 जूनलाच जन्मलंय, गुरुजींच्या कृपेने. कार्डाप्रमाणे वय 73. पण तात्या माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, म्हणजे 75 कधीच उलटलेली. मी मशीनमधून अर्धं तिकीट काढलं.

तात्यांचं खरं वय मला माहीत. मागच्या सीटवरच्या परगावच्या म्हाताऱ्याचं कोण सांगणार? ओळखीच्याला एक न्याय आणि अनोळख्याला दुसरा, ते मला जमत नाही. बस गप्प झाली होती. एक बाई "माणुसकी मेली" म्हणाली, ते लागलं.

वाटसरू

मग स्वतःच्या खिशातून भरायचं होतं की.

निवृत्त वाहक

म्हणालो होतो. तात्यांनी शिवी हासडली आणि पन्नासची नोट पुढे केली. नंतर आधार दुरुस्तीसाठी त्यांच्या शाळेतून दाखलाही मीच काढून आणला. त्यावरही 1 जूनच, आणि सालही तेच.