सॉफ्टबॉक्स लावूनही सावली कडकच, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, घरच्याच १० बाय १२ च्या खोलीत पोर्ट्रेट काढतोय, एक फ्लॅश आणि ६० बाय ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारी कापडी पेटी), तो कोपऱ्यात ७-८ फुटांवर ठेवलाय तरी नाकाची सावली कडक पडतेय, भिंतीवर पण सावली, आणि आईच्या चष्म्यात अख्खा पांढरा चौकोन!

> लांब ठेवलायस म्हणून. चेहऱ्याच्या मानाने बॉक्स मोठा दिसला पाहिजे, ३ फुटांवर आण, फक्त फ्रेममध्ये घुसू देऊ नको. आणि फ्लॅशची पॉवर उतरव, अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो.

> +१. बाजूने ४५ अंश, डोळ्यांच्या वर, थोडा खाली झुकवून. आईंना भिंतीपासून ४-५ फूट पुढे बसव. दुसरा लाइट घ्यायची घाई करू नको रे, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट उभी कर, मी अजून तेच करतो.

> चष्म्यासाठी लाइट अजून वर घे, नाहीतर काड्या कानावरून जरा उचल म्हणजे काचा खाली झुकतात. बाय द वे, सॉफ्टबॉक्सच्या आतलं, उजेड अजून पसरवणारं दुसरं कापड लावलंयस ना?

> अरे देवा, ते पिशवीतच राहिलंय 🙈