पाइप, वायर आणि रस्ता यांच्या जोडाची जबाबदारी कोणाची?

तुळई
तीस वर्षं पाणी आणि मलनिस्सारणाच्या कामात काढली. सुरुवातीला कॅल्क्युलेटर घेऊन हार्डी क्रॉस पद्धतीच्या (पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह अंदाज धरून पुन्हापुन्हा दुरुस्त करत काढायचा) फेऱ्या मारत बसायचो, एका वस्तीचं जाळं सुटायला आठवडा जायचा. आता नवी ज्युनिअर संगणकावर दुपारच्या आत चार पर्याय पळवून दाखवते. त्यामुळे "आपलं काय होणार" हा विषय ऑफिसात रोज निघतो.

माझं मत सांगतो. आकडेमोड आपल्या हातून जाणार, जाऊ दे. इंजिनिअरचं यापुढचं काम दोन व्यवस्था एकमेकींना भेटतात त्या जागी आहे, आणि तिथेच आपण सगळ्यात कच्चे आहोत.

१४ ऑगस्ट २००३ घ्या. ओहायोत उच्चदाबाच्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या. सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे नियंत्रण कक्षातले धोक्याचे इशारे वाजलेच नाहीत. त्या संध्याकाळपर्यंत अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात होते. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण वीज गेल्यावर क्लीव्हलँडमध्ये पंप थांबले आणि नळ कोरडे पडले, हे मला जास्त छळतं. पंप बिघडले नव्हते, पाइप फुटले नव्हते. पाण्याच्या इंजिनिअरने आपलं काम चोख केलं, तरी पाणी नाही.

आता माझ्या साइटवरचं. दर पावसात तुंबणाऱ्या एका रस्त्यावर मॅनहोलचं झाकण उचललं. ड्रॉइंगवर ६०० मिमीची पावसाळी लाइन, मोकळी. खाली टॉर्च मारला तर पाइपच्या तोंडातून आडवी गेलेली केबलची नळी, तिला लोंबणाऱ्या चिंध्या आणि प्लॅस्टिक, मागे निम्म्यापर्यंत गाळ. केबलवाल्यांच्या ड्रॉइंगवर त्यांची नळी बरोबर जागी होती, आमच्या ड्रॉइंगवर आमचा पाइप. ही दोन ड्रॉइंग एकावर एक ठेवून कोणी पाहिलीच नव्हती.

म्हणून म्हणतो, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल या भिंती शिक्षणातच पाडा. पहिली तीन वर्षं शाखाच नको.

नटबोल्ट
निदान पटलं, औषध अजिबात पटलं नाही. सगळ्यातलं थोडं थोडं येणारा माणूस मीटिंगमध्ये छान बोलतो, पण डिझाइन त्याच्या हाती द्यायची मला भीती वाटते.

१७ जुलै १९८१, कॅन्सस सिटीतलं हॉटेल. वरखाली टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांना धरून होती. बांधायला सोपं जावं म्हणून तिच्या दोन केल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईलाच टांगला. त्याने वरच्या तुळईखालच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. कागदाच्या कोपऱ्यावर बाण काढून दोन मिनिटांत दिसणारी गोष्ट आहे ही! पण त्या नटावर किती भार येतोय, असं विचारायची सवय खोल अभ्यासातून लागते. तीन वर्षं शाखाच नसेल तर ती लागणार कधी?

हिरवा सिग्नल
दोघेही माणसाच्या डोक्याला फार मान देताय. शहरातल्या गुंतागुंतीपुढे अनुभव हरतो. डिट्रिश ब्रेस या गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की जाळ्यात नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, कारण जो तो आपल्यापुरता जवळचा मार्ग धरतो आणि सगळे त्याच चिंचोळ्या तुकड्यावर येऊन आदळतात. कुठल्या सीनिअरच्या अंदाजात हे बसतं? मशिनला हजारो पर्याय तपासू द्या. आपण उद्दिष्ट ठरवायचं आणि बाजूला व्हायचं.

ओळंबा
@हिरवा सिग्नल, तुमच्याच उदाहरणात ब्रेस होते, मशिन नव्हतं.

लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० ला खुला झाला आणि माणसं चालायला लागताच आडवा डुलायला लागला. पूल जरासा हलला की चालणारा तोल सावरायला पाय फाकवून त्याच तालात टाकतो, मग डोलणं आणखी वाढतं. दोन दिवसांत पूल बंद केला, हादरे शोषणारी उपकरणं बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला. माणसांचं वजन हिशेबात होतं. पुलाच्या हलण्याला माणसं कसा प्रतिसाद देतात, ते नव्हतं. शहर तर पूर्ण अशाच प्रतिसादांचं असतं. मॉडेलमध्ये आपण घातलंच नाही, ते मॉडेल कसं सांगणार?

आणि सहीचं काय? कॅन्सस सिटीच्या दुर्घटनेनंतर जबाबदार इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले. तुम्ही बाजूला झालात तर परवाना कोणाचा रद्द करायचा?

डागडुजी
सगळे नव्या डिझाइनवरच बोलताय. १८५८ मध्ये टेम्स नदीतल्या मैल्याच्या दुर्गंधीने लंडन हैराण झालं, त्यानंतर इंजिनिअर बॅझलजेट यांनी लंडनखाली बांधलेली विटांची गटारं आजही चालू आहेत. जे आधीच जमिनीत आहे ते समजून घेऊन चालतं ठेवणं, हेच पुढच्या पिढीचं बरंचसं काम असणार. ते कोणत्या शाखेत शिकवतात?

तुळई
@डागडुजी, कुठल्याच नाही. हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

@नटबोल्ट, तुमच्या उदाहरणातही चूक जोडावरच झाली ना? आराखडा करणारा एक, पोलाद घडवणारा दुसरा, आणि बदल दोघांच्या मधून निसटला.

नटबोल्ट
अर्धंच खरं. चौकशीत मूळ एका सळईचा आराखडासुद्धा नियमापेक्षा कमी ताकदीचा निघाला. म्हणजे जोडाआधी जाणकारीच कमी पडली होती.

तुळई
मान्य. तीन वर्षं शाखा नको हे मी मागे घेतो. शाखा पहिल्या दिवसापासून असू द्या. पण शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोन शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावा आणि दोघांनी एकमेकांच्या ड्रॉइंगवर सही करावी, यावर मी ठाम आहे. आमच्या कामात ही सह्यांची पद्धत सुरू केलीय. रस्ता खोदायच्या आधी केबलवाला आणि आम्ही एकाच उघड्या मॅनहोलपाशी उभे राहतो आणि तिथेच एकमेकांच्या कागदावर सही करतो. गेल्या खेपेला त्यांच्या माणसाने आमच्या लाइनची लेव्हल चुकीची लिहिलेली दाखवून दिली, २०० मिमीने.

नटबोल्ट
असा प्रकल्प मी शिकवायला तयार आहे. फक्त ती २०० मिमीची चूक आधी मुलांना स्वतः शोधू द्यायची.