मदत हवी आहे: गोळी चालू असूनही वडिलांचा लोड वाढला

सातपूरकर: वडिलांना हेपॅटायटिस बी. गोळी चालू, तरी लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) परत वर गेलाय. डॉक्टर म्हणतात म्युटेशनची टेस्ट करू, म्हणजे विषाणू बदललाय का ते बघू, सॅम्पल मुंबईला जाईल. महाग आहे. खरंच लागते का? उद्या सकाळी अपॉइंटमेंट आहे, प्लीज लवकर सांगा.

गोदाकाठ: कुठली गोळी? लोड किती होता, आता किती?

सातपूरकर: छोटी पांढरी. आधी 'नॉट डिटेक्टेड', आता ४८ हजार.

सिडकोचे_मामा: आमचे साडू १२ आठवड्यांत ठणठणीत झाले. सोफोसबुव्हिर विचारा.

गोदाकाठ: मामा, ते हेपॅटायटिस सी चं औषध, इथे बी आहे. सातपूरकर, पांढऱ्या गोळ्या शंभर असतात, पाकीट बघा.

रानवाटा: गोळ्या सोडा, भुईआवळा द्या. आमच्या गावात काविळीला तोच.

लॅबवाला: गोळी अजिबात बंद करू नका! अचानक थांबवली की विषाणू उसळतो, लिव्हर निकामी होऊन माणूस जाऊ शकतो.

रानवाटा: तुम्ही लॅबवाले टेस्टच विकणार.

सातपूरकर: भांडू नका हो. एन्टेकॅव्हिर ०.५. त्याआधी तीनेक वर्षं लॅमिव्हुडिन होतं, दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्याने काही फरक पडतो का?

लॅबवाला: अहो, हेच आधी सांगायचं! लॅमिव्हुडिनवर ५ वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत पेशंटमध्ये विषाणू बदलतो, मुख्यतः त्याच्या एका प्रथिनात २०४ क्रमांकाच्या जागी. तो बदल आधीच असला की एन्टेकॅव्हिरला चकवायला आणखी एखादाच पुरतो. कोरी पाटी असेल, म्हणजे आधी असं औषध घेतलंच नसेल, तर एन्टेकॅव्हिरला ५ वर्षांत रेझिस्टन्स (विषाणू औषधाला दाद न देणं) १ टक्क्याच्या आसपास. लॅमिव्हुडिन फेल गेलेल्यांत जवळपास निम्मे. अशा विषाणूवर टेनोफोव्हिर चालतं, पण ते डॉक्टर ठरवतील, किडनी बघून. त्यांना लॅमिव्हुडिनचं माहीत आहे?

सातपूरकर: बहुतेक नाही. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

गोदाकाठ: गोळी चुकत नाही ना? एन्टेकॅव्हिर उपाशीपोटी लागते, खाण्याच्या आधी-नंतर २ तास सोडून.

सातपूरकर: रोज नाश्त्यानंतर घेतात. रविवारी मिसळीवर.

सिडकोचे_मामा: कुठली मिसळ?

लॅबवाला: मामा!!

सातपूरकर: आत्ता आईला विचारलं. ऑक्टोबर छाटणीला निफाडच्या मळ्यात १५ दिवस होते, गोळ्या इथेच कपाटात राहिल्या. मग टेस्ट वाचली का?

लॅबवाला: नाही. खंडामुळे वाढला की बदलामुळे, हे टेस्टनेच कळेल. छाटणीचंही सांगा, जुनी फाइलही न्या. सरकारी कार्यक्रमात बी ची औषधं मोफत आहेत, सिव्हिलला चौकशी करा. घरच्यांची तपासणी झालीये?

सातपूरकर: आईची झाली. माझी राहिलीये. फाइल माळ्यावर आहे, शिडी आणतो.