काखेतल्या १७ पैकी ३ गाठींत कॅन्सर निघाला. 'लिम्फमधून पसरला' म्हणजे नेमकं काय? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही धायरीला राहतो. सासूबाईंचं (वय ६१) डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. गाठ २.८ सेंटिमीटरची होती. ऑपरेशनआधीच्या पेट स्कॅनमध्ये स्तन आणि काख सोडून कुठे काही दिसलं नव्हतं. स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. पहिली केमो येत्या सोमवारी आहे.

रिपोर्टात लिहिलंय: 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन प्रेझेंट. ३/१७ नोड्स पॉझिटिव्ह. एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन नॉट सीन.' डॉक्टर म्हणाले, केमो द्यायचीच आहे, काळजी करू नका. बाहेर खूप पेशंट ताटकळत बसले होते, मलाही पुढे विचारायचं सुचलं नाही. मग चुलत सासरे भेटायला आले आणि आईंच्या तोंडावरच म्हणाले, "लिम्फमधून गेला म्हणजे अंगभर झाला की." तेव्हापासून आईंचं जेवण निम्म्यावर आलंय. परवा रात्री मला म्हणतात, "अगं, आता माझ्यावर पैसे घालवू नका." मला काय बोलावं कळेना.

दुसरी गोष्ट हाताची. ड्रेन काढल्यावर आईंनी हौसेनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. आता डाव्या हातातल्या मनगटाच्या वर रुतून बसल्यात, साबण लावूनही निघत नाहीत. बांगड्या वाढवायला त्या तयार नाहीत, सासरे आजारी आहेत म्हणून त्यांच्या मनात शंका येते. शेजारच्या काकू म्हणतात कोमट तेलानं चोळा, सूज उतरेल. चोळू का? आणि खरंच चौथी स्टेज आहे का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, याच स्लाइड्स रोज बनवतो. डॉक्टर नाही, त्यामुळे हे त्यांच्याकडून पक्कं करून घ्या. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ही चौथी स्टेज दिसत नाही. दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ म्हणजे टी२, काखेतल्या एक ते तीन गाठी म्हणजे एन१, आणि दूर कुठे नाही. हे दुसऱ्या स्टेजमध्ये (२बी) बसतं. चौथी तेव्हाच म्हणतात, जेव्हा हाड, फुप्फुस, लिव्हर अशा लांबच्या अवयवात कॅन्सर पोचलेला असतो.

लहानपणी पायाला ठेच लागून पिकली की जांघेत अवधाण यायचं, आठवतं? अवधाण म्हणजे सुजलेली लिम्फची गाठच. रक्तवाहिन्यांतून जे पाणी पाझरतं, ते गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या अंगभर असतात आणि वाटेत या गाठी चौकीसारख्या बसलेल्या असतात. या नळ्यांची सुरुवातीची भिंत एका पेशीच्या जाडीची, तीही सैल. कॅन्सरच्या पेशीला रक्तवाहिनीपेक्षा इथून आत शिरणं सोपं जातं. स्तनातलं बहुतेक पाणी काखेकडेच वाहतं, म्हणून पहिली चौकी काखेत. तिथून पुढे ते गळ्याखालच्या हाडाजवळ मोठ्या शिरेत मिसळतं.

'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' म्हणजे मूळ गाठीच्या आसपास अशा एखाद्या नळीच्या पोकळीत पेशींचा पुंजका दिसला. शंका असेल तर डी२-४० नावाचा रंग वापरतात, त्यात लिम्फची नळी तपकिरी उठून दिसते. या ओळीनं स्टेज बदलत नाही. ती एवढंच सांगते की पेशींना वाट सापडली होती, एखादी पुढे निसटलेली असू शकते. म्हणूनच केमो, कारण ती रक्तातून सगळीकडे पोचते. आईंना सांगा की १४ गाठी साफ आहेत, आणि तीन गाठींतला कॅन्सरही गाठीचं कवच फोडून बाहेर आलेला नाही. शेवटच्या ओळीचा अर्थ तोच.

सोमवारी ईआर, पीआर, हर-२ (कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या तपासण्या) यांचे रिपोर्ट काय आहेत आणि रेडिएशन लागेल का, हे कागदावर लिहून नेऊन विचारा. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड्स मागून घ्या, त्यांवर दुसरं मत घेता येतं.

प्रतिसाद २

माझ्या काखेतल्या गाठी काढून सहा वर्षं झाली, म्हणून हातापुरतं लिहिते. चोळू नका. गाठी गेल्या की पाण्याची वाट अरुंद होते आणि हात भरतो. पण शिरेत रक्ताची गुठळी झाली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी हात सुजतो, म्हणून सोमवारची वाट न बघता उद्याच सर्जनना दाखवा. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर आजच.

शिवणाच्या टेपनं दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराखाली दहा सेंटिमीटर, कोपरावर दहा सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर तो आकडा डॉक्टरांना सांगा. माझ्या फिजिओथेरपिस्टबाई जो मसाज करतात तो इतका हलका असतो की नुसती कातडी सरकते, आणि सुरुवात मानेपासून. नंतर मापाची घट्ट बाही मिळते. सुई आणि बीपी उजव्या हातालाच, हे नर्सला दर वेळी आपण सांगायचं.

बांगड्या मात्र आजच उतरवा. काच रुतून जखम झाली तर त्या हाताला महागात पडेल. कासाराकडे न्या, तो प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून सरकवतो. उजव्या हातात भरलेल्या राहू द्या की.

पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. अवधाणाचं उदाहरण आईंना लगेच पटलं, म्हणाल्या, "मग चौकीवरच धरला म्हणायचा." कासारानं पाच काढल्या, सहावी निघेना, ती आईंनी स्वतःच वाढवायला सांगितली. कोपराखाली दोन्ही हातांत अडीच सेंटिमीटरचा फरक आहे. सकाळी नऊची वेळ मिळालीय.