'संड्री' म्हणजे विविध की किरकोळ?

प्रश्न: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'संड्री (sundry) डेटर्स', इंग्रजी पुस्तकात 'ऑल अँड संड्री'. दोन्हीकडे अर्थ एकच का? भाषांतरात काय लिहावं?

उत्तर १: मूळ जुन्या इंग्रजीतलं 'सिंड्रिग', म्हणजे वेगळा, सुटा. 'असंडर' (asunder, अलग) त्याच कुळातला. पुढे अर्थ सरकला: नाना प्रकारचे, निरनिराळे. विशेषण म्हणून वापरताना पुढचं नाम अनेकवचनी हवं. 'संड्री आयटम्स' बरोबर, 'अ संड्री आयटम' कानाला खटकतं. 'ऑल अँड संड्री' म्हणजे यच्चयावत सगळे. बऱ्याचदा त्यात 'सोम्यागोम्या'ची किंचित तुच्छता असते. तिथे 'विविध' लिहिलंत तर वाक्य मेलंच!

उत्तर २: हिशेबात गफलत इथेच होते. 'संड्री डेटर्स'ला 'किरकोळ ऋणको' म्हणू नका. 'विविध ऋणको' हाच रुळलेला शब्द. उधारीवर माल नेलेला कोटीभर बाकीचा ग्राहकही त्याच गटात, चालू मालमत्तेखाली बसतो; 'संड्री क्रेडिटर्स' (ज्यांचं आपण देणं लागतो ते) चालू देण्यांखाली. 'संड्री एक्स्पेन्सेस' मात्र खरोखर किरकोळ खर्च: ज्याला स्वतंत्र खातं उघडण्यात अर्थ नाही असा.

उत्तर ३: भर घालतो. ऑस्ट्रेलियात क्रिकेटच्या अवांतर धावांना 'संड्रीज' म्हणतात.

आणि 'संड्री'चा जुना जोडीदार 'डायव्हर्स' (divers). १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये तो जागोजागी आहे, अर्थ 'कित्येक, नाना'. शेवटी 'ई' लागला की 'डायव्हर्स' (diverse, भिन्न) हा आजचा शब्द. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे मूळ स्पेलिंग तपासाच.