मदत हवी आहे: 'रिव्हर्ट' या शब्दाचा खरा अर्थ काय? (तातडीचं)

ठाणेकर४२१: साडेसहाला कॉल आहे, त्याआधी उत्तर हवंय. ऐरोलीत नोकरी करतो. शुक्रवारी मेलमध्ये 'रिव्हर्ट' लिहिलं आणि समोरच्यांनी भलतंच करून ठेवलं. साहेब म्हणतात, चूक तुझ्या इंग्रजीची. चौदा वर्षं हेच लिहितोय, अख्खं ऑफिस हेच लिहितं. शब्द आला कुठून, आणि 'उत्तर देणे' हा अर्थ चुकीचा आहे का, एवढंच सांगा.

कोलशेत_रोड: भलतंच म्हणजे काय केलं? पूर्ण वाक्य टाका. आणि समोरचे कुठले, बंगळुरूचे की परदेशातले?

निवृत्त_मास्तर: तुम्ही 'रिव्हर्ट बॅक' लिहिलं असणार. 'री'मध्येच 'मागे' आहे, पुन्हा 'बॅक' कशाला? 'रिटर्न बॅक'ही तसंच. शाळेत मुलांच्या वह्यांत लाल शाईने खोडून खोडून थकलो मी.

ठाणेकर४२१: मास्तर, 'बॅक' लिहिलेलंच नाही! वाक्य असं होतं: 'प्लीज रिव्हर्ट ऑन द बिलिंग चेंजेस बाय ईओडी.' (ईओडी म्हणजे आजचा दिवस संपेपर्यंत.) टीम मँचेस्टरची. मला त्यांचं मत हवं होतं. त्यांनी आमचे दोन आठवड्यांचे बदल काढूनच टाकले.

घणसोली_डेव्ह: अहो, कोडचं प्रकरण आहे हे आधी नाही का सांगायचं! गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रिव्हर्ट ही कमांडच आहे, अर्थ एकच: केलेला बदल उलटवा. त्यांनी तुमचं म्हणणं शब्दशः पाळलं. पण घाबरू नका, काम गेलेलं नाही. गिट रिव्हर्ट जुनी कमिट, म्हणजे बदलांची नोंद, पुसत नाही, तिच्या उलट बदलांची नवी कमिट टाकतं. त्यांच्या त्या कमिटलाच रिव्हर्ट करा, सगळं परत येईल. मर्ज (ब्रँचवरचं, म्हणजे वेगळ्या फांदीवरचं काम मुख्य कोडमध्ये मिसळणं) उलटवलं असेल तर तीच ब्रँच नुसती पुन्हा मर्ज करू नका, जुने बदल येणार नाहीत. आधी रिव्हर्टचं रिव्हर्ट.

ठाणेकर४२१: ते टीममधल्या मुलाला सांगतो. पण मी शब्दाचं विचारलं होतं.

शब्दवेडी: लॅटिन 'रेव्हर्तेरे'. 'रे' म्हणजे मागे, 'व्हर्तेरे' म्हणजे वळणं. कन्व्हर्ट, डायव्हर्ट, व्हर्शन, व्हर्टिगो ही सगळी त्याच कुळातली. आणि हे कूळ आपल्याला परकं नाही. संस्कृतातला 'वृत्' धातू याच मुळातून आलेला. वर्तन, वर्तुळ, परावर्तन त्यातूनच. मास्तर, तुमच्या नावातलं 'निवृत्त'सुद्धा! 'व्हर्शन'ला आपण 'आवृत्ती' म्हणतो, दोन्हीच्या पोटात तेच वळणं आहे. मला तर हे दर वेळी नव्याने आवडतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मूळ अर्थ पूर्वस्थितीकडे परत जाणं. बोलताना आधीच्या विषयाकडे वळणं हा अर्थ इंग्लंडमध्येही आहे. 'उत्तर देणं' हा मात्र आपल्याकडचा.

निवृत्त_मास्तर: म्हणजे चूकच.

कोलशेत_रोड: चूक कशी? सिंगापूर-मलेशियातही असंच लिहितात, मी तिथे काम केलंय. लाखो माणसं ज्या अर्थाने वापरतात तो अर्थच. 'डू द नीडफुल'लाही लोक भारतीय म्हणून हसतात, तो तर इंग्रजांनीच वापरलेला, त्यांच्याकडे मागे पडला इतकंच.

शब्दवेडी: चूक मीही म्हणत नाहीये. पण पत्र ज्याच्या हातात पडणार, त्याला कळायला नको का? ऐरोलीहून तुर्भ्याला मेल जात असेल तर खुशाल 'रिव्हर्ट' लिहा. मँचेस्टरला 'रिप्लाय'च लिहा.

पट्टेदार_वाशी: कायद्यात हा शब्द फार जुना आहे. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे 'रिव्हर्ट' होते. आपल्या सिडकोच्या प्लॉटचा मूळ पट्टा ६० वर्षांचा. सोसायटीच्या सभेत मी हे घसा फोडून सांगतो, कोणी कागद वाचतच नाही.

कोपरखैरणे_से१९: काका, मग पट्टा संपल्यावर आमच्या रो-हाउसचं काय?

घणसोली_डेव्ह: त्याचा वेगळा धागा काढा ना. ठाणेकर, ब्रँचचं काय झालं?

ठाणेकर४२१: कॉल झाला. कमिट हिस्ट्रीत होती, बदल परत आले. तिकडची बाई म्हणाली, 'रिव्हर्ट ऑन' विचित्र वाटलं होतं, पण बिलिंगचं काम, घाई असेल म्हणून विचारलं नाही. साहेबांना शब्दवेडींचं उत्तर वाचून दाखवलं. आता टीमला एक ओळ पाठवायचीय: 'प्लीज शेअर युअर कॉमेंट्स ऑन द बिलिंग चेंजेस बाय फ्रायडे.' बरोबर आहे ना?

शब्दवेडी: बरोबर. फक्त शुक्रवारी किती वाजेपर्यंत आणि कुठली वेळ तेही लिहा. त्यांचा दिवस संपेपर्यंत आपल्याकडे रात्र झालेली असते.