मदत हवी आहे: लहान विमान कंपनीला बुकिंगचे पैसे द्यायचे का?

सोलापुरी_आत्या

नमस्कार मंडळी. विमानाच्या धंद्यातलं कळणारं कुणी इथे असेल तर कृपया पूर्ण वाचून सांगा. महिनाअखेरपर्यंत निर्णय घ्यायचा आहे.

आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. दादा माग बघतो. बँक, हिशेब आणि एक्सपोर्टचे कागद माझ्याकडे. भाचा फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. तो आणि त्याचे दोन मित्र कंपनी काढून दोन सीटची दोन नवी ट्रेनर विमानं घेणार आणि एका फ्लाइंग स्कूलला भाड्याने देणार, असं चाललंय. कल्पना मला वाईट वाटत नाही. कलबुर्गी काय, बारामती काय, पोरं शिकायला रांगेत आहेत आणि विमानं पुरत नाहीत हे भाचा रोज बघतो. त्यात आम्हा सोलापूरकरांना विमानाचं अप्रूप मोठं. २०२३ ला विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ ला होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून घरात सगळ्यांनाच हुरूप आलाय. दादा कारखान्याशेजारचा प्लॉट तारण ठेवायला तयार झालाय.

मला धास्ती वाटते ती विमान बनवणाऱ्या कंपनीची. युरोपातली लहान कंपनी आहे, वर्षाला मोजकीच विमानं काढते. विमान चांगलं आहे, भाच्याने स्वतः उडवून बघितलंय. पण डीलरने पाठवलेला करार वाचून मला झोप लागेना. ४० टक्के सहीबरोबर, ४० टक्के सांगाडा जोडून झाला की, उरलेले २० टक्के कंटेनर निघायच्या आधी. म्हणजे विमान डोळ्यांनी दिसायच्या आत सगळे पैसे तिकडे. डिलिव्हरी ‘अंदाजे’ सव्वा वर्षाने. उशीर झाला तर पैसे परत मिळण्याबद्दल एक ओळ नाही. कंपनीच बंद पडली तर काय, असं विचारल्यावर डीलर म्हणाला, "मॅडम, विमान कंपन्या अशा बंद पडत नसतात."

वाचायला बसले तर उलटंच दिसलं. अमेरिकेच्या एक्लिप्स एव्हिएशनने लहान जेट काढलं, अडीचशेच्या वर विमानं गिऱ्हाइकांना दिली, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. डिलिव्हरीच्या सहा महिने आधी किमतीचे ६० टक्के घ्यायची त्यांची पद्धत होती. ज्यांनी ते भरले होते आणि विमान मिळालं नव्हतं, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करवत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोलोरॅडोची ॲडम एअरक्राफ्ट बुडाली. पायपरसारखं जुनं नाव १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेलं होतं. मूनीने २०१९ ला कामगार घरी बसवले. सेस्ना बुडाली नाही, पण नुकसानभरपाईच्या दाव्यांना कंटाळून तिने १९८६ पासून जवळजवळ दहा वर्षं लहान पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं होतं. ही सगळी नावाजलेली माणसं. आमची कंपनी तर यांच्यापुढे कुठेच नाही.

बुकिंगचे पैसे जातील ही एक भीती. त्याहून मोठी भीती मला दुसरीच वाटते. विमान हातात आलं, दोन वर्षं उडालं आणि मग कंपनी बंद पडली तर? आमच्याकडे जुने रेपियर माग आहेत, त्यांची युरोपातली कंपनी कधीच बंद झाली. गिअर झिजला की दादा तो कागदात गुंडाळून दोन गल्ल्या सोडून लेथवाल्याकडे पाठवतो, संध्याकाळपर्यंत नवा बसतो आणि माग चालू. विमानात असं चालणार नाही एवढं मला कळतं. पण नेमकं काय होतं? विमान उभं राहतं का? उभं राहिलं तर प्लॉटचा हप्ता कोण भरणार?

भाच्याला वाटतं आत्या प्रत्येक गोष्टीत खोट काढते. मला त्याला अडवायचं नाही, त्याचं भलंच व्हायला हवंय. कंपनीची तब्येत कशी तपासायची, करारात काय घालून घ्यायचं आणि कुठल्या टप्प्याला सरळ "नको" म्हणायचं, हे सांगा.

एएमई_नाशिककर

ताई, मी लायसन्स्ड एएमई, म्हणजे विमान दुरुस्त करून तपासणारा इंजिनिअर आहे, ट्रेनर विमानांवरच काम करतो. तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

विमानात बसवायचा जवळजवळ प्रत्येक भाग कागद घेऊन येतो. युरोपातून आला तर ‘ईएएसए फॉर्म १’, अमेरिकेतून आला तर ‘८१३०-३’. हा कागद नसेल तर भाग कितीही चांगला असो, मी सही करू शकत नाही, आणि सहीशिवाय विमान उडत नाही. लेथवरचा गिअर इथे बाद. दुसरं म्हणजे विमानाच्या डिझाइनचा एक मालक असतो, टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या डिझाइनला मिळालेली सरकारी मान्यता, त्याच्या नावावर असतं. कुठे तडा सापडला, कुठला नट सुटायला लागला, तर तो सर्व्हिस बुलेटिन काढतो, दुरुस्तीचं ड्रॉइंग देतो, त्यावरून सरकारी यंत्रणा सक्तीचे आदेश काढतात. हा मालकच नाहीसा झाला आणि सर्टिफिकेट कुणीच उचललं नाही, तर विमान अनाथ होतं. अशा विमानाचं एअरवर्दिनेस, म्हणजे उडायला योग्य असल्याची मान्यता, टिकवणं फार कठीण जातं, आणि शाळेत विद्यार्थी बसवून उडवायचं तर आणखीनच.

आता दिलासा देणारी बाजू. लहान विमानात सगळं काही त्याच कंपनीचं नसतं. इंजिन रोटॅक्स किंवा लायकमिंगचं असेल, काचेचे डिस्प्ले गार्मिनचे असतील, चाकं-ब्रेक ओळखीच्या कंपनीचे असतील, तर ते भाग दहा ठिकाणी मिळतात. भाच्याला सांगा, पार्ट्स कॅटलॉग मागव आणि फक्त याच कंपनीचे भाग कोणते त्यावर खुणा कर. शाळेच्या विमानात पहिलं काय जातं? पुढच्या चाकाचा पाय. विद्यार्थी नाक आधी टेकवतात, पाय वाकतो, कधी तो जिथे बसतो ती फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची पत्र्याची भिंतही सुरकुतते. मग कॅनॉपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण), इंधनाच्या टाकीचे सेन्सर, फ्लॅपची मोटर. आमच्याकडे एक परदेशी ट्रेनर नुसत्या पुढच्या पायासाठी अख्खा पावसाळा हँगरमध्ये उभा होता, आणि कंपनी तेव्हा चालू होती. हे भाग विमानाबरोबरच, त्याच कंटेनरमधून मागवा. खर्च वाढेल, पण विमान उभं राहण्यापेक्षा स्वस्त पडेल.

इंजिन वेगळ्या कंपनीचं असलं की निर्धास्त, असंही नाही. डायमंड ही ऑस्ट्रियाची चांगली कंपनी. तिच्या डीए-४२ मध्ये जर्मनीच्या थीलर्टची डिझेल इंजिनं होती. थीलर्ट २००८ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली आणि न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाने जुन्या वॉरंटी पाळायला नकार दिला. त्या इंजिनाचा गिअरबॉक्स दर ३०० तासांनी काढावा लागायचा. आधी तो वॉरंटीत व्हायचा, नंतर खिशातून, तोही वाढलेल्या भावाने. विमान बनवणारा धडधाकट, तरी मालकांचं कंबरडं मोडलं. डायमंडने पुढे स्वतःचं ऑस्ट्रो इंजिन काढलं, पण ते बदलून घ्यायचा खर्च मालकांच्याच माथी.

ओरेगॉनकर

मी मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या अमेरिकेत ओरेगॉनमध्ये. तुमच्या विषयातली दोन उदाहरणं योगायोगाने याच राज्यातली आहेत.

एक व्हॅन्स एअरक्राफ्ट. घरी जोडायच्या विमानांचे किट विकणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी, हजारो विमानं उडतायत. तिनेही डिसेंबर २०२३ मध्ये चॅप्टर ११ खाली, म्हणजे कंपनी चालू ठेवून देणी नव्याने मांडायच्या अमेरिकन दिवाळखोरी कलमाखाली, अर्ज केला. लेझरने कापलेल्या पत्र्यांच्या भोकांना तडे जाण्याचा प्रश्न निघाला, ते भाग बदलून देण्यात पैसा अडकला, आणि किट जुन्या किमतीला विकल्यामुळे तोटा साचत गेला. ऑर्डर देऊन बसलेल्या लोकांना नव्या, सरासरी सुमारे ३२ टक्के जास्त किमती मान्य करायला सांगितलं गेलं. मान्य केलं तर आधी भरलेले पैसे वळते होणार, नाहीतर येणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं. कंपनी २०२४ मध्ये सावरून बाहेर आली. म्हणजे दिवाळखोरी झाली की कायमचं टाळंच लागतं असं नाही. पण तुमच्या करारातली किंमत आणि तारीख दोन्ही पुन्हा मांडली जाऊ शकतात.

दुसरी बेंड गावातली कोलंबिया एअरक्राफ्ट. २००७ मध्ये दिवाळखोरी, सेस्नाने विकत घेतली, विमान नाव बदलून पुढे बरीच वर्षं विकलं, आणि २०१८ मध्ये ते उत्पादन बंद केलं. मोठ्या कंपनीच्या पंखाखाली गेल्यावर सुट्या भागांची सोय होते, पण मोठी कंपनी मॉडेलवर माया करत बसत नाही. सेस्नाचंच स्कायकॅचर घ्या. दोन सीटचं ट्रेनर, गाजावाजा करून काढलं, पुढे बंद केलं, आणि न विकलेली विमानं २०१६ मध्ये भंगारात काढली.

रांगेबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे परत देताना तारण असलेल्या बँका आणि कोर्टाचा खर्च आधी, मग कामगारांचे पगार. बुकिंग भरलेला ग्राहक विनातारण येणेकरी, तो मागे. देशोदेशीचा कायदा थोडा वेगळा असेल, पण ग्राहकाची जागा साधारण हीच. म्हणून पैसे कंपनीच्या खात्यात जाऊच द्यायचे नाहीत. एस्क्रो खातं मागा: पैसे तिसऱ्याच्या ताब्यात, ठरलेला टप्पा तपासून झाला की तेवढेच सुटणार.

निवृत्त_फॉरेक्स

ताई, परकीय चलन विभागात आयुष्य गेलं, म्हणून विचारतो. दोन विमानांचे करार एकत्र आहेत की वेगळे?

सोलापुरी_आत्या

वेगळे. डीलरच म्हणाला, दोन प्रोफॉर्मा इन्व्हॉइस करू, हप्तेही लहान पाडू, म्हणजे बँकेत त्रास होणार नाही.

निवृत्त_फॉरेक्स

वाटलंच होतं. तो ज्याला त्रास म्हणतो ते तुमचं संरक्षण आहे. मालाच्या आयातीसाठी मोठा ॲडव्हान्स पाठवायचा असेल तर बँक सहसा परदेशातल्या चांगल्या बँकेची गॅरंटी किंवा स्टँडबाय एलसी (समोरच्याने शब्द मोडला तर पैसे द्यायची बँकेची लेखी हमी) मागते. रक्कम तुकड्यात पाडली की ती अट चुकवता येते, आणि मग बुडालेल्या पैशांमागे कुणीच उभं नसतं. ओळखीच्या जुन्या ग्राहकाला बँक आपल्या अधिकारात सूटही देऊ शकते. ती सूट मागू नका. उलट रक्कम कमी असली तरी गॅरंटी मागा. एक पक्कं समजा: कंपनीची स्वतःची बँक जर तिच्यासाठी गॅरंटी द्यायला तयार नसेल, तर तिची तब्येत तुम्हाला कळली. तिचा ताळेबंद त्या बँकेने तुमच्याआधी वाचलेला असतो.

ताळेबंद तुम्हालाही वाचता येईल. जर्मनी, चेक प्रजासत्ताक, इंग्लंड अशा देशांत कंपन्यांचे वार्षिक हिशेब सरकारी रजिस्टरवर घरबसल्या बघता येतात. भाषा कळली नाही तरी आकडे तुम्ही रोज बघता तेच आहेत. ग्राहकांकडून आलेला ॲडव्हान्स किती आणि हातात रोकड किती, हे समोरासमोर मांडा. ॲडव्हान्स फुगत चाललाय आणि रोकड आटत चाललीय, तर नव्या ग्राहकाच्या पैशांतून जुन्याचं विमान बनतंय असं समजा. नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा केल्यावर उरतं ते) उणे झालंय का, हिशेब भरायला उशीर केलाय का, ऑडिटरने कंपनी पुढे चालेल की नाही याबद्दल शेरा मारलाय का, तेही बघा. आणि विमानाची मालकी कधी बदलते ते करारात लिहून घ्या: दुसरा हप्ता दिला की त्या अनुक्रमांकाचा सांगाडा तुमच्या कंपनीच्या नावावर.

सोलापुरी_आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाच्याला शेजारी बसवून कंपनीचे तीन वर्षांचे हिशेब उघडले. ग्राहकांचा ॲडव्हान्स दरवर्षी वाढलाय, रोकड पहिल्या वर्षापेक्षा निम्म्यावर आलीय, आणि शेवटच्या वर्षाचे हिशेब अजून भरलेलेच नाहीत. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आत्या, गॅरंटी मागूया."

आज डीलरला लिहून पाठवलं: दोन्ही विमानांचा एकच करार, सहीला १० टक्के तेही एस्क्रोत, पुढचे हप्ते बँक गॅरंटीवर, शेवटचा हप्ता भाच्याने तिकडे जाऊन विमान तपासल्यावर. पुढच्या पायाचे दोन जास्तीचे संच कंटेनरमध्येच. उत्तर आलं नाही तर सही नाही, महिनाअखेर गेली तरी चालेल. दादालाही प्लॉटचे कागद बँकेत द्यायला थांबवलंय.

एक शंका उरलीच. हे नाही जमलं तर जुनं सेस्ना १५२ घ्यावं का? त्याचं उत्पादन तर १९८० च्या दशकातच थांबलंय ना?

एएमई_नाशिककर

थांबलंय, पण डिझाइनचा मालक आहे, इंजिन लायकमिंगचं आहे आणि भाग कागदासकट मिळतात. आपल्याकडच्या शाळांमध्ये ती विमानं आजही रोज उडतात. बघायला जाल तेव्हा लॉगबुकं पहिल्या पानापासून मागा, इंजिनाचे ओव्हरहॉलनंतरचे तास बघा, आणि पंखांच्या जोडावर, पोटाखाली गंज आहे का ते स्वतंत्र एएमईकडून उघडून तपासा. विकणाऱ्याचा एएमई नको. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत राहिलेलं असेल तर जास्तच बारकाईने. भाच्याला माझ्याशी बोलायचं असेल तर इथेच निरोप टाका, तपासायच्या जागा एकेक करून सांगतो.